दुसरा माईक

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून नवस, अंगारा, लिंबू-मिरची सगळं बंद. कुणी दृष्ट काढायला आलंच तर आई त्याला चहा पाजायची, गोड बोलायची आणि तसंच परत पाठवायची. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्याला मी भूत म्हणत नाही. तुम्हाला म्हणायचं तर खुशाल म्हणा. फक्त मध्ये बोलू नका, आणि ती मेणबत्ती जरा तिकडे सरकवा, डोळ्यावर येतेय. लाईट येईपर्यंत सांगून होईल.

शेवगावात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. फेब्रुवारीचे दिवस होते, लग्नं तोंडावर आलेली, मशीनवरून उठायची सोय नव्हती. तरी त्या दिवशी जेवणं झाल्यावर दुकान कामाच्या बायकांवर सोडलं आणि निघाले. पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह होता. तो पाथर्डीच्या पलीकडे एका वस्तीवर न्यायचा, तिथे लावून दाखवायचा आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, काम एवढंच. गहिनीनाथ जीप घेऊन दारात उभा होता आणि गल्ली गोळा होईल इतका हॉर्न वाजवत होता.

गहिनीनाथ शेवगाव-पाथर्डी वडापची, म्हणजे सीटभाड्याची जीप चालवतो. त्याची जात वेगळी, गाव वेगळं, स्वभाव तर विचारूच नका. पण आम्हा दोघांचं वेड एकच, उजेड पार्टी. त्याच्या जीपमध्ये दुसरं गाणं वाजलेलं मी कधी ऐकलं नाही. प्रवासी कंटाळून मध्येच उतरतात असं त्याची बायको सांगते.

उजेड पार्टी म्हणजे भीमगीतं गाणारा कचरूदादांचा संच. ढोलकी, हार्मोनियम, बेंजो, मागे कोरसला तिघे, आणि पुढे दोन माईक. एक कचरूदादांचा, दुसरा त्यांच्या बायकोचा, भागिरथीताईंचा. सवाल दादांनी करायचा, जबाब ताईंनी द्यायचा. या पट्ट्यात कुठेही जयंतीला उजेड पार्टी आहे म्हटलं की माणसं टेम्पो भरून यायची. दादांचा आवाज जाड, मातीतला. ताईंचा त्यावरून अलगद निघून जाणारा. ऐकताना अंगावर काटा यायचा, खोटं नाही.

या पार्टीचं शूटिंग एकच आहे. शेवगावच्या बाजारतळावरचा जयंतीचा कार्यक्रम, लग्नाचं शूटिंग काढणाऱ्या एकाने हौसेखातर काढलेला. आणि नेमक्या त्याच कार्यक्रमाला भागिरथीताई नव्हत्या. अश्विनी तेव्हा नुकती जन्मली होती, ताई बाळंतिणीच्या खाटेवर. दादांनी तरी दुसरा माईक उभा करायला लावला. सगळ्या शूटिंगभर तो तसाच मोकळा उभा आहे. दादा सवाल करतात, त्या माईककडे एकदा बघतात, आणि जबाब मागचे कोरसवाले देतात. पुढच्याच वर्षी दादा काविळीने गेले.

कॅसेटची सीडी झाली, सीडीची पेन ड्राइव्ह, मग ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये ते शूटिंग गेलं. तरी दर जयंतीला आम्ही पाच-पंचवीस जण माझ्या दुकानात टीव्हीपुढे फतकल मारून बसतो आणि ते पहिल्यापासून बघतो. कुठे काय आहे ते आम्ही झोपेत सांगू. इथे कुत्रं स्टेजवरून पळतं. इथे जनरेटर आचके देतो आणि दिवे मंद होतात. इथे गहिनीनाथची शिट्टी येते, आणि अजून तो त्या जागी कॉलर ताठ करतो. मग कॅमेरा बायकांकडे वळतो आणि पुढच्या रांगेत मी दिसते, अबोलीचा गजरा माळलेली. मी दर वेळी म्हणते, "काय बारीक होते गं मी." आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "ती दुसरी कुनीतरी असंल."

भागिरथीताईंनी मात्र ते कधीच बघितलं नव्हतं. "मी न्हाई त्यात. मोकळा माईक बघून काय करू?" एवढंच म्हणायच्या. दादांमागे पार्टी मोडली, पण त्यांचं गाणं थांबलं नाही. दिवसा दुसऱ्याच्या रानात खुरपायच्या आणि कुणाचं बारसं असो, लग्न असो, विहारातला कार्यक्रम असो, बोलावलं की गायच्या. आणि आता त्यांचा घसा बसला होता तो काही केल्या सुटेना. नगरला दाखवलं, पुण्याला दाखवलं. स्वरयंत्रात गाठ निघाली, वाईटातली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढलं तर बाई जगेल. नाही काढलं तर वर्षसुद्धा धरू नका. ऑपरेशनचा दिवस ठरला होता, सोमवार.

आणि भागिरथीताईंनी साफ नाही म्हटलं होतं.

फोन अश्विनीचा आला होता. ही पोरगी नागापूरला कारखान्यात कामाला जाते. बाप तिने डोळ्यांनी पाहिला असेल तो आठवण्याच्या वयाच्या आधी. तिचा बाप म्हणजे मोबाईलमधला आवाज. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तोच कानात घालून बसते. फोनवर ती रडत नव्हती, पण बोलताना मध्ये मध्ये थांबत होती.

"मावशी, ती म्हनती, गळा काढून जगायचंच न्हाई. एकच म्हनती, भारतीला सांग, त्यांची शूटिंग घिऊन ये. एकदा बघते. तुमी आल्या की समजावा ना तिला. तुमचं ऐकंल."

"अगं, माझं माझी मशीन ऐकत न्हाई," मी म्हटलं. वीस वर्षं जे बघायचं टाळलं ते बाई आता मागते आहे, म्हणजे निरोप घ्यायलाच मागते आहे, हे मला कळत होतं.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली. घरांना कुलपं, अंगणातल्या चुली थंड, खाटा भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या. एरवी जीप आली की कोंबड्या पळतात, पोरं मागे लागतात. त्या दिवशी इंजिन बंद केलं आणि मला माझ्याच चपलांचा आवाज मोठा वाटायला लागला. कुठेतरी सैल झालेला पत्रा वाऱ्याने हलत होता. तो थांबला की काहीच नाही.

"जय भीम, वहिनी," गहिनीनाथ दारातून म्हणाला. त्याच्या खांद्यावर जीपमधला स्पीकरचा खोका होता.

भागिरथीताई टीव्हीसमोर चटईवर बसल्या होत्या. गळ्याला पांढरा रुमाल, अंगात काही राहिलेलं नाही. "भारती, आलीस?" त्या म्हणाल्या, आणि तो आवाज ऐकून मी क्षणभर खाली बघितलं. वाळक्या पाचटावर पाय पडावा तसा आवाज.

"आले. आन् तुमी काय नाटक लावलंय?"

त्या हसल्या. "नाटक न्हाई गं. ज्या गळ्यानं त्यांच्यासंगं गायले त्योच काढून टाकायचा, आन् मंग ऱ्हायलेली बाई कोन? मला न्हाई वळखायची ती."

"आन् ही? हिनं काय करायचं?" मी अश्विनीकडे बोट दाखवलं. ती पाठमोरी बसून चहाचं पातेलं घासत होती. घासून झालेलंच पुन्हा घासत होती.

"तिला तिचा आवाज हाय," ताई म्हणाल्या. मला राग आला. मरायला निघालेल्या माणसावर रागवावं कसं हेही कळत नव्हतं. पेन ड्राइव्ह काढून टीव्हीला लावला, गहिनीनाथने खोका जोडला.

पडद्यावर उजेड पडत होता म्हणून अश्विनीने दार लोटून घेतलं, खिडकीवर चादर टाकली. खोलीत अंधार झाला. दाराच्या खालून उन्हाची एक पट्टी तेवढी आत येत होती. गहिनीनाथ खोक्यावर हात ठेवून बसला. शूटिंग सुरू झालं, बाजारतळ, निळे झेंडे, माणसंच माणसं. दादा आले. पांढरा शर्ट, कपाळावर घाम. भागिरथीताईंनी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला.

पहिलं गाणं झालं. दुसरं निम्मं झालं. मी सवयीने त्या जागेची वाट बघत होते आणि ती जागा गेली.

गहिनीनाथ माझ्याकडे वाकला. "ताई... कुत्रं?"

"गप बस."

"न्हाई, पन कुत्रं आलं न्हाई."

मला वाटलं, बोलता बोलता नजर चुकली असेल. पुढे जनरेटरच्या आचक्याची जागा आली आणि दिवे मंद झाले नाहीत. मग शिट्टीची जागा आली. गहिनीनाथचा हात कॉलरपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. शिट्टी आली नाही. नुसती शिट्टी नाही असं नव्हे, लोकांचा आवाजच नव्हता. एवढा बाजारतळ भरलेला, आणि खोकलासुद्धा नाही.

"फाईल तीच हाय ना?" तो अगदी हळू म्हणाला.

"तीच आहे," मी म्हटलं. एकच तर फाईल होती.

मग वास आला. अश्विनी उठून चुलीपाशी जाऊन आली, दाराच्या फटीला नाक लावून आली. "मावशी, डिझेल जळाल्याचा वास येतोय... तुमाला येतोय का?"

"माझी जीप बंद हाय," गहिनीनाथ म्हणाला.

येत होता. डिझेलचा धूर, त्यात उधळलेल्या निळीचा वास, आणि त्यात अबोली. अबोलीला वास नसतो हो, मला माहीत आहे. पण गजऱ्याला पाणी मारल्यावर जो ओला वास येतो, तो मला माझ्या कानामागून आला. मी हात लावून बघितला. काही नव्हतं.

आता कॅमेरा बायकांकडे वळायला हवा होता. वळला नाही. तो दुसऱ्या माईकवर गेला आणि तिथेच थांबला. इतक्या जवळून तो माईक आम्ही कधीच पाहिला नव्हता. जाळीतली धूळ दिसत होती. मग पडद्याच्या कडेने दादा हळूहळू आत आले आणि बघायला लागले. माईककडे नाही, कोरसकडे नाही. समोर. खाली, चटईवर.

हार्मोनियम सुरू झाली. ते गाणं कुठलं ते आम्हाला पहिल्या सुराला कळलं. दादांनी सवाल टाकला,

"सांग माझ्या राती, दिवा कुणी लाविला?"

इथे कोरसवाले जबाब देतात. हजार वेळा दिला आहे. मागे तिघेही उभे होते, तोंडं मिटून. ढोलकी नुसती ठेका धरून होती, एक आवर्तन, दुसरं आवर्तन. दादा बघत होते. शूटिंगमधला माणूस वाट बघत होता.

"आई..." अश्विनी म्हणाली. "आई, बंद करू का?"

भागिरथीताईंनी तिला हाताने थांबवलं. रुमाल सैल केला. आणि त्या गायल्या.

"हात ज्याचा पोळला गं, त्यानं दिवा लाविला."

तोच फाटलेला आवाज, घोगरा, पण सुरात. मी त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांचे ओठ हलताना बघत होते. पण आवाज तिकडून येत नव्हता. तो गहिनीनाथच्या हाताखालच्या खोक्यातून येत होता, बाजारतळावर भोंग्यातून घुमतो तसा घुमून. गहिनीनाथने हात असा काही काढून घेतला, जणू खोका तापला होता.

पडद्यावर दादा हसले. वीस वर्षं ते शूटिंग बघतो आहोत आम्ही. त्या गाण्यात दादा कुठेही हसत नाहीत.

दुसरं कडवं सुरू झालं. सवाल दादांचा. जबाबाला ताईंनी तोंड उघडलं, दोन शब्द आले आणि घसा धरला. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा निघाली. त्या दोन्ही हातांनी गळा धरून बसल्या, डोळ्यांतून पाणी, आणि ढोलकी थांबेना. मला वाटलं आता उठून टीव्ही फोडावा. एवढा कसला खेळ मांडायचा माणसाचा.

तेव्हा दादांनी उजवा हात उचलून छातीवर ठेवला, सपाट, गळ्याच्या जरा खाली. आणि ताईंचा जबाब त्यांनीच गायला. पुढच्या कडव्याचा सवालही त्यांचा, जबाबही त्यांचाच. शेवटपर्यंत. जाड आवाज असा काही मऊ केला होता की तो त्या ओळीवरून ताईंसारखा निघून जात होता. भागिरथीताईंचे हात गळ्यावरून सुटले आणि मांडीवर आले. त्या रडायच्या थांबल्या होत्या. ऐकत होत्या.

गाणं संपलं तसा एकदम बाजारतळाचा सगळा गलका खोक्यातून फुटला. ताई सोडून आम्ही तिघेही दचकलो. कुत्रं स्टेजवरून पळालं. शिट्टी आली. कॅमेरा वळला आणि मी दिसले, गजऱ्यासकट. या वेळी कुणीच काही बोललं नाही.

अश्विनीने दार सताड उघडलं. बाहेर तसंच ऊन होतं.

"मागं नेऊन परत बघू का?" गहिनीनाथने विचारलं.

"नको," भागिरथीताई म्हणाल्या. "मागं न्यायचं न्हाई."

"पण ताई, तो हात..." मी म्हटलं. "दादा असा छातीवर हात कधीच... मी पहिल्यांदाच पाहिला."

"म्या बघितलाय." त्यांना बोलायला त्रास होत होता, पण त्या बोलल्या. "तुमा लोकांना कसा दिसंल? आमच्यातलं हुतं ते. चालू गान्यात एकाचा घसा धरला, की दुसऱ्यानं छातीवर हात ठिवायचा. मंग पहिल्यानं वढायचं न्हाई, गप ऱ्हायचं. म्हंजी... तू ऱ्हाऊ दे. तुझं मी घेतो." 

मी स्वतःला उजेड पार्टीची पहिल्या नंबरची माहीतगार समजायचे. तो हात आम्ही कार्यक्रमांत कितीदा तरी पाहिला असेल आणि दादांना गहिवरून आलं असं समजून टाळ्या वाजवल्या असतील.

ताईंनी रुमाल परत गळ्याला बांधला. "अश्विनी," त्या म्हणाल्या, "सोमवारची पिशवी भर."

ती पोरगी मग रडली. चांगली हमसून रडली, आणि मीही तिच्याबरोबर रडून घेतलं. गहिनीनाथ जीप पुसायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आत आला नाही.

सोमवारी पुण्यात ऑपरेशन झालं. पाच तास लागले. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, बाई धोक्याबाहेर आहे. मी दुकानात पेढे वाटले. रात्री जेवायला बसले होते तर अश्विनीचा फोन.

"मावशी, पप्पांचा आवाज गेला."

मला काही कळेना. मी माझा मोबाईल उघडला, शूटिंग लावलं. ढोलकी होती. हार्मोनियम होती, बेंजो होता, कोरस होता, शिट्टी होती. दादा माईकपुढे उभे होते, त्यांचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. आणि आवाज नव्हता. पेन ड्राइव्ह लावला, तसंच. गहिनीनाथच्या जीपमध्ये तसंच. ज्याच्या ज्याच्याकडे होतं त्या सगळ्यांचे फोन आले. मोबाईल दुरुस्तीवाला म्हणाला, आवाजाचा ट्रॅक उडालाय. मी म्हटलं, मग ढोलकी कशी ऐकू येते? त्याने दोन-चार बटणं दाबली आणि चहा प्यायला निघून गेला. शेवटी कपाटातली मूळ कॅसेट काढली, कुणाकडून तरी जुना व्हीसीआर मागून आणला. कॅसेटमध्येही नव्हता.

फार वाईट वाटलं. आपलं माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं. अश्विनीचं तर विचारूच नका. कंपनीच्या बसमध्ये ती आता कानात काहीच घालत नव्हती. "आई वाचली, मावशी," ती म्हणाली, "मला दुसरं काय पायजे? पन बसमधी लई सुनं वाटतं." भागिरथीताईंना आम्ही यातलं काही सांगितलं नाही.

ऑपरेशननंतर गळ्याला कायमचं भोक राहतं, श्वास तिथूनच घ्यायचा. पुढे काही आठवड्यांनी डॉक्टरांनी आत एक व्हॉल्व्ह बसवला. त्याने बोलता येतं, पण बोलताना दर वेळी ते भोक बोटाने दाबून धरायचं. बोट काढलं की नुसती हवा, आवाज म्हणून निघत नाही. डॉक्टरांनी हेही सांगून ठेवलं होतं की आवाज जाड येईल, बाईचासुद्धा पुरुषासारखा येतो, घाबरू नका. हे मी मुद्दाम सांगतेय. ज्याला जे धरायचं ते त्याने धरावं.

व्हॉल्व्ह बसवून त्या घरी आल्या त्या रविवारी आम्ही भेटायला गेलो. अंगावर चांगलं मांस धरलं होतं. चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. आम्ही बसलो, गहिनीनाथने पाणी प्यायला तांब्या उचलला. ताईंनी बोट उचलून गळ्याशी नेलं, भोक दाबलं आणि म्हणाल्या,

"अश्विनी, च्या टाक समद्यांना."

तांब्या गहिनीनाथच्या तोंडाशीच राहिला, पाणी शर्टावर सांडलं. मी डॉक्टरांचं वाक्य मनातल्या मनात म्हणत होते, जाड येतो, बाईचासुद्धा येतो. पण आम्ही तो आवाज वीस वर्षं ऐकलेला. त्यातली खरखर कुठे लागते, शब्द सोडताना शेवटी कसा खाली बसतो, ते दुसऱ्या कुणाला नाही कळायचं, आम्हाला कळतं.

अश्विनी चुलीपाशी गेलीच नाही. ती भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. मग हळूहळू आली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. "आई, अजून बोल," ती म्हणाली. "कायबी बोल. बोलत ऱ्हा."

आणि ताई बोलत राहिल्या. शेतातलं, शेजारणीचं, दवाखान्यातल्या नर्सचं. मध्ये दम घेत, बोट काढत, पुन्हा दाबत. चहा त्या दिवशी मीच केला.

तेव्हापासून मी अधूनमधून जाते. त्यांच्या तपासण्या चांगल्या येतात. डॉक्टर खूश आहेत. अश्विनी रोज दुपारच्या सुट्टीत नागापूरहून फोन करते आणि आईशी बोलते, उगीचच, चार शब्द.

मागच्या महिन्यात मी न कळवता गेले. दुपार होती, अश्विनी कामावर. दार उघडंच होतं. अंगणात पोचले तोच आतून गाणं ऐकू आलं. दादांचा आवाज, तोच सवाल. मला वाटलं, सापडलं कुठेतरी शूटिंग, आवाजासकट. पाय उचलून दारापर्यंत गेले. टीव्ही बंद होता, वर कापड टाकलेलं. तेवढ्यात जबाब आला, आणि तो दादांच्या आवाजात नव्हता. तो भागिरथीताईंचा होता, घसा बसायच्या कितीतरी आधीचा, अलगद वरून निघून जाणारा. मग पुन्हा सवाल. मग पुन्हा जबाब.

ताई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी उंबऱ्यावर टेकले, हाक मारली नाही. भीती वाटली का म्हणाल तर वाटली. उठून जावंसं वाटलं का, तर मुळीच नाही. सगळी कडवी संपेपर्यंत मी तिथेच बसून होते.

बाजरीचं पीठ मळत होत्या त्या. दोन्ही हात परातीत होते.